डीरेप निवडताना फोटो नको, त्याचं मतदान बघा

तुम्ही विचारलंत, कार्डानो या क्रिप्टो-साखळीवर (ब्लॉकचेनवर) स्टेकिंगचं, म्हणजे नाणी नेटवर्कच्या कामाला जोडून ठेवण्याचं, बक्षीस काढायला गेलं की वॉलेट आधी डीरेप, म्हणजे तिच्या कारभारात आपल्या वतीनं मत देणारा प्रतिनिधी, निवडायला सांगतं, मग यादीत सगळ्यात वर असलेल्याला मताचा हक्क देऊन मोकळं व्हावं का? मी तरी देणार नाही.

भीती असेल तर आधी ती काढून टाका. तुमचे एडीए (कार्डानोची नाणी) कुठं जात नाहीत, अडकतही नाहीत. डीरेपला मिळतं ते फक्त तुमच्या मताचं वजन, तेही उद्या काढून घेता येतं. बक्षिसाआधी डीरेप निवडायची ही अट कार्डानोच्या 29 जानेवारी 2025 च्या प्लोमिन अपग्रेडपासून आली. घाई असेल तर माणसाऐवजी 'कायम तटस्थ' हा पर्याय निवडा, बक्षीस निघतं. (डीरेप करून देतो म्हणून कुणी सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) मागितली तर सरळ ब्लॉक करा.)

आमच्या खानापूरकडच्या एका सोसायटीत मी दोनदा ओळखीच्या माणसाला मत दिलं. गणपतीच्या वर्गणीत पुढं, लग्नात पंगतीला वाढायलाही पुढं. वार्षिक सभेत चिवड्याच्या पुड्यासोबत अहवाल मिळायचा. पुडा संपायचा, अहवाल तसाच कपाटावर. तिसऱ्या वर्षी उघडला तर मोठं कर्ज त्यांच्याच मेहुण्याला, आणि मंजुरीच्या ठरावावर सही त्यांचीच.

कार्डानोवर असा अहवाल कायम उघडा असतो. डीरेपचं प्रत्येक मत साखळीवर दिसतं, बरेच जण सोबत कारणही लिहितात. कार्डानोच्या सामायिक खजिन्यातून पैसे मागणारे तीन-चार प्रस्ताव घ्या आणि त्यानं कुठं 'नाही' म्हटलंय ते शोधा. सगळीकडे 'होय' असेल तर मी पुढं वाचतच नाही. 'नाही'चं कारण वाचा: रक्कम, टप्पे, हिशेब कोण तपासणार, हे विचारलंय की नुसतं 'प्रस्ताव पटला नाही'? पैसे त्याच्याच टीमला जाणार असतील तर त्यानं ते आधी सांगितलं का, हेही बघा.

नोंदणीला 500 एडीए अनामत लागते म्हणून माणूस खात्रीचा, असं समजू नका. पद सोडलं की ती परत मिळते. आणि 20 इपॉक, म्हणजे 100 दिवस, काहीच हालचाल केली नाही तर तो निष्क्रिय ठरतो, मग त्याच्यामागचं तुमचं वजनही मोजलं जात नाही.

मी स्वतः एका मध्यम वजनाच्या डीरेपला दिलंय. मला आवडलेल्या प्रस्तावाला त्यानं 'नाही' म्हटलं होतं, पण कारण वाचून मीच गप्प झालो. त्याच्या आधीचा बदलला तो खानापूर-बेळगाव बसमध्ये बसून. फी पाव एडीएसुद्धा लागली नाही.