एकट्याने खेळायला चांगले डिजिटल पत्त्यांचे गेम कोणते? (रमीची ॲप सोडून)

तुम्ही प्रश्नात तीन गोष्टी लिहिल्यात. एकट्याने खेळता आलं पाहिजे, पैसे लावायचे नाहीत, आणि घरचे म्हणतात की एकट्याने कसले पत्ते खेळतोस, सगळा नशिबाचा मामला. पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर कोणीही देईल. तिसरीसाठी मी लिहितेय, कारण अगदी हेच वाक्य मी सासरी बरीच वर्षं ऐकलंय आणि दर वेळी तेवढाच राग येतो.

पैशांचं आधी उरकून टाकते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, बरं झालं. मी ज्या गेमबद्दल सांगणार आहे त्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. समोर कोणी नसतं, हरलात तर खिशातून काही जात नाही.

आता माझं मत. एकट्याने खेळायचा पत्त्यांचा गेम चांगला की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरवा: हरल्यावर आपण कुठे चुकलो ते बोट ठेवून दाखवता येतं का? येत असेल तर खेळा, नसेल तर डिलीट करा. ग्राफिक्स, संगीत, रोजचं बक्षीस, हे सगळं नंतर.

या कसोटीवर फ्रीसेल या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या गेमला तोड नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते, सॅम्पल मशीनवर लावलं की थांबायचं असतं, त्या वेळात मी फ्रीसेल शिकले, म्हणजे नुसतं खेळायला नाही, नीट विचार करून सोडवायला. बावन्नच्या बावन्न पत्ते पहिल्यापासून उघडे असतात. आठ रांगा, चार रिकामे खण, एका खणात एकच पत्ता, आणि चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत वर चढवायचे. झाकलेलं काहीच नाही. यात नशीब शिरणार कुठून?

तर गौरी-गणपतीची गोष्ट. गुहागर तालुक्यात आमचं घर, आरती-जेवणं झाली की ओटीवर मेंढीकोट बसतो. माझे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, मेंढीकोटात खरंच पटाईत आहेत, दोन उताऱ्या झाल्या की कुठली दश्शी कोणाच्या हातात आहे ते सांगतात. त्या रात्री चौघं आधीच बसले होते, म्हणून मी माजघराच्या दारात जुना लॅपटॉप उघडून फ्रीसेल लावला. दादा पाणी प्यायला उठले, स्क्रीनकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, पत्ते म्हणजे चार माणसं लागतात, हे एकटीचं काय? जसे पडतील तसं होणार, त्यात तुझं काय कर्तृत्व?"

मी म्हटलं, दादा, या गेममध्ये प्रत्येक डावाला नंबर असतो, तोच नंबर टाकला की तेच पत्ते तशाच क्रमाने पडतात, तुम्ही नंबर सांगा, आधी तुम्ही खेळा, मग तोच डाव मी खेळते. ओटीवरचे सगळे दाराशी आले. दादा म्हणाले, १ नंबर टाक.

ज्यांच्याकडे नंबर टाकता येणारा फ्रीसेल आहे त्यांनी १ टाकून बघा, म्हणजे मी काय सांगतेय ते डोळ्यांसमोर येईल. दुसऱ्या रांगेच्या तळाला चौकटची दुर्री आहे, तिच्यावर किलवरचा राजा, त्यावर इस्पिकचा राजा, मग किलवरची पंजी, चौकटची दश्शी, इस्पिकची अठ्ठी आणि सगळ्यात वर किलवरची नव्वी. दादांना ती तळाची दुर्री दिसली आणि तीच काढायची असं त्यांनी ठरवलं. नव्वी, अठ्ठी, दश्शी तीन खणांत गेल्या. पंजी चौथ्या रांगेतल्या बदामच्या छक्कीवर बसली, तेव्हा ते खूश झाले. मग इस्पिकचा राजा चौथ्या खणात. खाली किलवरचा राजा तसाच, खण चारही भरलेले, एकही चाल शिल्लक नाही. पाच चालींत डाव संपला. आणि मुळात ती दुर्री काढून ठेवणार कुठे होते? तिचा एक्का पाचव्या रांगेत चार पत्त्यांखाली होता!

दादा म्हणाले, "पत्तेच वाईट पडले."

मग त्याच वाईट पत्त्यांवर मी बसले. सहाव्या रांगेत वरून चौकटची तिर्री, किलवरची दुर्री आणि त्यांच्या खाली लागोपाठ दोन एक्के आहेत, किलवरचा आणि इस्पिकचा. तिर्री, दुर्री खणात ठेवल्या, किलवरचा एक्का वर, त्याच्यामागून खणातली दुर्री वर, मग इस्पिकचा एक्का वर. खाली राहिली किलवरची राणी, ती खणात. तिच्याखाली बदामची सत्ती, ती सातव्या रांगेतल्या किलवरच्या अठ्ठीवर बसते. म्हणजे एक अख्खी रांग मोकळी आणि खण फक्त दोन अडकलेले. फ्रीसेलमध्ये रिकामी रांग रिकाम्या खणापेक्षा मोलाची, कारण खणात एकटा पत्ता बसतो आणि रांगेत त्याच्यावर दुसरे रचता येतात. शिवाय ती रिकामी असेपर्यंत एका वेळी हलवता येणारी पत्त्यांची माळ दुप्पट होते. ती रांग मी लगेच भरली नाही. आधी किलवरची छक्की सत्तीवर नेली, बदामची अठ्ठी किलवरच्या नव्वीवर नेली (हो, दादांनी ज्या नव्वीला खणात कोंडलं होतं तिच्यावरच), मग आठवी रांग उपसायला घेतली. थोड्या वेळाने इस्पिकची तिर्री बदामच्या चव्वीवर टेकवता आली, लगोलग किलवरची चव्वी वर गेली, इस्पिकची दुर्री, तिर्री वर गेली, खाली चौकटचा राजा निघाला आणि खणातली राणी त्याच्यावर जाऊन बसली. तिथून डाव सुटत गेला. पुढे वेळ लागला पण सुटला, सगळ्यांच्या समोर.

दादा काय म्हणाले असतील? "हा डाव तुला पाठ असणार." मी म्हटलं, दुसरा कुठलाही नंबर सांगा. तोवर ओटीवरून कोणीतरी पत्ते पिसायला घेतले आणि दादा निघून गेले. माझं जे म्हणणं होतं ते त्या रात्री तिथेच राहिलं, म्हणून इथे लिहिते.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते. विंडोज ९५ बरोबर तो घरोघरी पोचला आणि नव्वदच्या दशकात इंटरनेटवरच्या हौशी लोकांनी ते सगळे डाव आपापसात वाटून घेऊन सोडवायला काढले. एकच सुटला नाही, नंबर ११९८२. नंतर कॉम्प्युटरने सगळ्या शक्यता तपासल्या, तो खरोखरच सुटत नाही. बत्तीस हजारांत एक! बाकीचे सगळे सुटतात, म्हणजे हरलात तर दोष तुमच्या चालीचा. नशिबाचा खेळ म्हणणाऱ्याला आधी हा आकडा दाखवा. मेंढीकोटात तरी याच्यापेक्षा कितीतरी जास्त नशीब आहे, हातात एकही दश्शी आली नाही तर दादा काय करणार आहेत?

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

ज्याला सगळे नुसतं सॉलिटेअर म्हणतात, जुनी माणसं पेशन्स म्हणायची, तो क्लॉन्डाइक. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला. मला फारसा आवडत नाही. सुरुवातीला मांडलेल्या २८ पत्त्यांपैकी २१ झाकलेले असतात आणि काही डाव पहिल्यापासूनच न सुटणारे असतात, आपल्याला ते कळतही नाही. घरच्यांनी याच्यावर नशिबाचा शिक्का मारला तर मी भांडायला येणार नाही. डोकं शांत करायला ठीक आहे.

स्पायडर खेळा, पण दोन रंगांचा. एका रंगाचा फार सोपा, चार रंगांचा जीव काढतो. १०४ पत्ते, दहा रांगा, आणि गड्डीतून वाटलं की प्रत्येक रांगेवर एकेक पत्ता येऊन आदळतो, म्हणून वाटायच्या आधी शक्य तेवढं आवरून ठेवायचं. इथेही रिकामी रांग हाच जीव.

नव्या गेममध्ये दोन. पहिला स्ले द स्पायर, २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, फोनवरही आहे. यात आपले नेहमीचे पत्ते नाहीत, गेमचे स्वतःचे आहेत. सुरुवातीला दहा-बारा साधे पत्ते असतात, लढाई जिंकली की तीनपैकी एक पत्ता घ्यायचा किंवा काहीच घ्यायचं नाही. आणि बहुतेक लोक इथेच मार खातात, दर वेळी काहीतरी उचलतात, मग गठ्ठा फुगतो आणि हवा तो पत्ता हाताला लागत नाही. नको म्हणायला शिका. मला सर्वात आवडतं ते हे की समोरचा राक्षस पुढच्या चालीला काय करणार ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, एवढा मार पडणार म्हणून आकडा दिसतो. आता मारायचं की अडवायचं हे तुम्ही ठरवा. पत्ते कुठले येतील ते नशीब, पण गठ्ठा तुम्हीच बनवलेला असतो ना?

दुसरा बलाट्रो, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, कॅनडातल्या एका माणसाने मुख्यतः एकट्याने बनवलाय. पोकरचे हात, म्हणजे जोडी, सिक्वेन्स असे पत्त्यांचे ठरलेले संच, लावायचे आणि गुणांचं टार्गेट गाठायचं, पहिलं टार्गेट ३००. दीडशे जोकर आहेत, एका वेळी साधारण पाच ठेवता येतात, आणि प्रत्येक जोकर गुण मोजायची पद्धत बदलतो, त्यामुळे क्रम, जोडी असे साधे हात पुढे लाखांत जातात. आपल्याकडच्यांसाठी एक खास सूचना: तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये उलटं, एकाच रंगाचे पाच पत्ते सिक्वेन्सच्या वर. आणि बलाट्रोत हातातले नको असलेले पत्ते टाकून नवे घेता येतात, त्यामुळे सुरुवातीला कलर जमवणं सर्वात सोपं पडतं. नवख्याने तेच करावं.

हा जुगार आहे का? नाही. युरोपात गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या संस्थेने आधी पोकरचे हात बघून १८ वर्षांवरचा ठरवला होता, मग प्रकाशकाने अपील केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर आणला. पैसे लावता येतच नाहीत त्याला जुगार कसं म्हणणार? पत्ता दिसला की जुगार म्हणायची खोड आपल्याकडेच आहे असं नाही, एवढंच यातून कळलं.

काही गोष्टी राहिल्या. स्ले द स्पायर आणि बलाट्रो विकत घ्यावे लागतात, एकदाच, पण ते बिनजाहिरातीचे आहेत आणि रेंज नसली तरी चालतात, आमच्या गावी ते फार कामाचं आहे. दोन्हींत इंग्रजी वाचावं लागतं, घरातल्या मोठ्यांना द्यायचा असेल तर फ्रीसेल किंवा स्पायडरच द्या. फ्रीसेलची फुकट ॲप पुष्कळ आहेत पण नंबर टाकायची सोय असलेलंच घ्या, आणि दर डावानंतर जाहिरात येत असेल तर काढून टाका, सगळी मजा जाते. छोट्या फोनवर आठ रांगा दाटीवाटीने येतात, टॅब किंवा लॅपटॉप बरा. बलाट्रो झोपायच्या आधी सुरू करू नका, एक फेरी अजून असं करत मध्यरात्र उलटते.

आणि चौघांत बसून खेळण्याच्या मी विरोधात नाही, मेंढीकोटात मला बोलावलं तर मी जाते. पण एकटीने खेळते म्हणून त्याला खेळ मानायचं नाही, हे मला पटत नाही. बुद्धिबळाचे कोडे पेपरात छापून येतात, ते एकट्याने सोडवणाऱ्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही.

तुमच्या घरच्यांसाठी उपाय सांगते, वाद घालू नका. फ्रीसेलचा एक नंबर त्यांना द्या, मग तोच तुम्ही खेळा. आमच्याकडे यंदाही गणपतीला लॅपटॉप नेणार आहे. ११९८२ सोडून कुठलाही नंबर दादांनी निवडावा, ओटीवर सगळ्यांसमोर.