रकान्यात कोण बसलंय ते आधी बघ

चि. ... यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा परवा रात्री वाचला आणि काल सकाळी पुन्हा वाचायला घेतला. अमेरिकेतल्या इंग्रज वंशाच्या आणि सीरियन वंशाच्या लोकांचं शिक्षण, घरातलं उत्पन्न, स्वतःचं घर असणाऱ्यांचं प्रमाण असा तक्ता तू केला आहेस. आकडे नीट उतरवले आहेस, टक्केवारी जुळते, कुठे घाई दिसत नाही. त्याबद्दल शाबासकी. पण तक्त्याखालच्या परिच्छेदाशी मी अडले. सीरियन समाज व्यापारी वृत्तीमुळे आणि कुटुंबाच्या एकजुटीमुळे वर आला, इंग्रज वंशाचे लोक जुन्या पुण्याईवर बसून राहिले, असं तू लिहितोस. तक्त्यातल्या एकाही आकड्यात हे नाही. ते तुझ्या मनात आधीपासून होतं, आकड्यांनी त्याला फक्त जागा करून दिली.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. एम.एस्सी. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मी एका सामाजिक पाहणीसाठी मिरज तालुक्यात हिंडत होते. एका वडार वस्तीत भर दुपारी पोचले. एक बाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या आणि मांडीवरच्या पोराशी वडारीत बोलत होत्या. मातृभाषेचा रकाना आला तशा म्हणाल्या, "मराठीच लिवा बाई." मी लिहिलं. पलीकडच्या खोलीत त्यांची जाऊ राहायची. तिला विचारलं, तर तिने सरळ "वडारी" सांगितलं. भिंत एक, चूल एक, आणि माझ्या कागदावर दोन भाषिक गट झाले. निघताना त्या थोरल्या बाईंनीच कारण सांगितलं. मोठ्या मुलाला शाळेत बोलीवरून चिडवत होते, तेव्हापासून घरात ठरलं होतं की बाहेरच्याला मराठीच सांगायचं. माहिती देणाऱ्याने दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं हा नियम मी पाळला होता. पण ते उत्तर म्हणजे रक्त नव्हे आणि इतिहासही नव्हे, हे मला त्या उंबऱ्यात कळलं.

आता तुझ्या इंग्रजांकडे ये. अमेरिकेच्या जनगणनेत 'तुमचा वंश कोणता' हा खुला प्रश्न पहिल्यांदा १९८० मध्ये आला. तेव्हा ४ कोटी ९६ लाख लोकांनी इंग्रज असं लिहिलं. १९९० मध्ये हा आकडा ३ कोटी २७ लाखांवर आला आणि २००० मध्ये २ कोटी ४५ लाखांवर. वीस वर्षांत अडीच कोटी माणसं गेली कुठे? कुठेही गेली नाहीत. १९८० च्या फॉर्मवर प्रश्नाखाली नमुन्यादाखल जी नावं छापली होती त्यांत 'इंग्लिश' होतं, १९९० मध्ये ते गाळलं गेलं. त्याच यादीत १९९० ला लुइझियानातल्या 'केजन' लोकांचं नाव नव्याने छापलं, आणि त्याआधी जेमतेम दिसणारा हा गट एकदम ६ लाख ६८ हजारांवर गेला. उलट नुसतं 'अमेरिकन' लिहिणारे १९९० मधल्या १ कोटी २४ लाखांवरून २००० मध्ये २ कोटी २ लाखांवर पोचले. त्यांतले कितीतरी दक्षिणेतल्या आणि ॲपलेशियन डोंगराळ भागातल्या जुन्या, बहुतांशी गरीब कुटुंबांतले आहेत आणि त्यांचे पूर्वज ब्रिटनमधूनच आले होते. २०२० मध्ये प्रश्नाची रचना बदलली आणि इंग्रज पुन्हा ४ कोटी ६६ लाख झाले.

म्हणजे तू ज्याला इंग्रज समाज म्हणतोस तो बऱ्याच अंशी 'आम्ही इंग्रज' असं आठवून लिहिणाऱ्यांचा गट आहे. मेन, व्हर्माँट, न्यू हॅम्पशरमधली जुनी घरं त्यात आहेत. युटातले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोकही आहेत, कारण त्यांच्या धर्मप्रचारकांनी १८३७ पासून इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये काम करून हजारो लोक तिकडे नेले. शिवाय हा गट वयाने मोठा आहे. ज्या घरात दोघं पेन्शनर राहतात तिथलं वार्षिक उत्पन्न आणि चाळिशीतल्या नोकरदार जोडप्याचं उत्पन्न एका मध्यकात, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यात, घालून तू कोणती वृत्ती मोजणार? तुझ्या तक्त्यात वयाचा स्तंभच नाही. तो आधी घाल.

सीरियन बाजू मला जास्त जिव्हाळ्याची वाटते, म्हणून तिथे जरा रेंगाळते. १८८० च्या पुढे जे सीरियन अमेरिकेत आले ते ऑटोमन साम्राज्याची प्रजा होते. बहुतेक ख्रिस्ती, आणि त्यांतला मोठा भाग माउंट लेबनॉनच्या डोंगरातला. सरकारी कागदावर ते आधी 'तुर्क' होते, १८९९ पासून 'सीरियन' अशी वेगळी नोंद सुरू झाली. पुढे १९२० मध्ये फ्रेंचांनी लेबनॉन वेगळं केलं, १९४३ मध्ये ते स्वतंत्र झालं, आणि त्या 'सीरियनां'ची पणतवंडं आज फॉर्मवर 'लेबनीज' लिहितात. त्यामुळे १९१० चे सीरियन आणि २०२० मधले सुमारे २ लाख २२ हजार सीरियन या दोन यादींत शब्द एक आहे, माणसं वेगळी आहेत. २०२० च्या यादीत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला स्थिरावलेली ख्रिस्ती कुटुंबं असतील, ब्रुकलिनमधले हलबचे (म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचे) ज्यू असतील, १९६५ चा स्थलांतराचा नवा कायदा झाल्यावर आलेले डॉक्टर आणि इंजिनिअर असतील, आणि २०११ नंतरच्या युद्धातून जीव वाचवून आलेली माणसंही असतील. २०१६ या एका आर्थिक वर्षात अमेरिकेने साडेबारा हजारांच्या आसपास सीरियन निर्वासित घेतले. पुढच्या जानेवारीत त्यांच्यासाठी दार बंद झालं.

पहिल्या पिढीच्या फेरीवाल्यांबद्दल तू एका ओळीत लिहिलं आहेस. ते प्रकरण उलगडून लिही, कारण तुझी 'व्यापारी वृत्ती' तिथेच तपासता येते. पाठीवरच्या त्या पेटीला किंवा गाठोड्याला ते 'कश्शा' म्हणत. सुया, दोरा, बटणं, लेस, फिती आणि पवित्र भूमीतून आणलेल्या जपमाळा व क्रूस. आपल्याकडे बांगड्यांचं ओझं घेऊन कासार गावोगाव जायचा, तसे हे शेतांवरच्या एकाकी घरांपर्यंत चालत जायचे. बायकाही हिंडायच्या. परक्या घरात बाईला बाई लवकर आत घेते, हेही त्यांच्या कामी आलं. पण पेटीतला माल आला कुठून? न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांच्याच मुलखातला घाऊक व्यापारी होता, तो नवख्याला उधारीवर माल द्यायचा. हातात पैसा नसताना नुसत्या ओळखीवर पत मिळत होती. वृत्ती म्हणून तू जे मांडतोस त्यात ही उधारी आहे, ते गोदाम आहे, आणि दुकानं तुरळक असलेला त्या काळचा ग्रामीण मुलूख आहे. यातली एकेक गोष्ट बाजूला काढून बघ, मग वृत्तीला किती श्रेय उरतं ते ठरव.

आता कायद्याचं बघ. तुझ्या मसुद्यात तो अजिबात नाही, आणि माझ्या मते ही त्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. १७९० च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला नागरिकत्व हवं असेल तर तो 'गोरा' असावा लागे. सीरियन गोरे की नाहीत यावर कोर्टांत वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल लागले. दक्षिण कॅरोलायनातल्या जॉर्ज डाऊ यांना खालच्या कोर्टाने नाकारलं, आणि १९१५ मध्ये अपिलात ते जिंकले. तिथून सीरियनांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. आठ वर्षांनी, १९२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना सांगितलं की हिंदुस्थानी माणूस या कायद्यापुरता गोरा नाही. आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचंही नागरिकत्व रद्द करायचा खटला झाला, आणि १९२६ मध्ये अपील कोर्टाने तो त्यांच्या बाजूने निकाली काढला. कॅलिफोर्नियात ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नसे. हिंदुस्थान्यांसाठी हे दार १९४६ मध्ये उघडलं. त्या मधल्या काळात एका समाजाला तिथे शेतजमीन स्वतःच्या नावावर करता आली, दुसऱ्याला आली नाही. हा फरक कुणाच्या संस्कारातून आला नव्हता. कोणत्या देशातून किती जणांना येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या १९२४ च्या कोटा कायद्याने सीरियाचा कोटाही वर्षाला शंभराच्या आसपास आणून ठेवला, हेही याच परिच्छेदात असू दे.

हे तुला इतकं तपशिलात सांगते, कारण तुझ्या शेवटच्या पानावर "आपल्या भारतीयांप्रमाणेच" असा शब्दप्रयोग आला आहे. तिकडच्या मराठी मंडळांत तू जातोस, तिथली घरं, गाड्या, मुलांची शिक्षणं बघतोस. अभिमान वाटणारच, मलाही वाटतो. पण इथून तिकडे कोण जाऊ शकलं ते आठव. तुझ्या वर्गातले अठ्ठावन्न जण होते. व्हिसाच्या चाळणीतून गेलेल्या तिघांवरून वर्गाची हुशारी मी मोजली, तर तूच मला टोकशील.

दारिद्र्याचा आकडा मात्र तुझ्या तक्त्यात असायलाच हवा होता. २००० च्या जनगणनेत सगळ्या अरब वंशीयांचं मिळून चित्र असं होतं (सीरियन हा त्यातला एक गट). पंचविशीपुढच्यांत पदवीधर ४१ टक्के, देशात २४ टक्के. कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यक ५२,३०० डॉलर, देशाचा ५०,००० च्या आसपास. आणि दारिद्र्यरेषेखाली १७ टक्के, देशात १२. शिक्षण जास्त, मध्यक जास्त आणि गरिबीही जास्त. विद्यार्थ्यांना मी सांगायचे की असं दिसलं की आनंद माना, कारण इथे काहीतरी शोधण्यासारखं आहे. एका नावाखाली दोन वेगळी जगं राहतात, तेव्हा असं होतं. तू नुसता मध्यक छापलास आणि ती गरीब माणसं त्याखाली झाकली गेली. याचं मला वाईट वाटलं. दोन्ही टोकांचा दहावा-दहावा भाग वेगळा काढून दाखव. सीरियन नमुना लहान आहे, म्हणून पाच वर्षांचा एकत्र डेटा घे आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो किती इकडेतिकडे असू शकतो (मार्जिन ऑफ एरर) ते लिही.

तुला खरंच तुलना करायची असेल तर माझ्या मनात एक जागा आहे, आणि ती तुझ्या खोलीपासून बसच्या अंतरावर आहे. न्यू जर्सीतलं पॅटर्सन, रेशमाचं शहर. तिथला रेशीमधंदा उभा करणारा जॉन राइल इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डजवळचा. १८६० च्या व्यापारी करारानंतर फ्रेंच रेशीम जकातीशिवाय इंग्लंडमध्ये येऊ लागलं, मॅकल्सफील्डचे माग बसले, आणि तिथले विणकर पॅटर्सनला आले. तिकडे माउंट लेबनॉनच्या उतारांवर तुतीची झाडं आणि रेशमाचे कोष यांवर घरं चालत होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर पूर्वेचं स्वस्त रेशीम युरोपात येऊ लागलं आणि तो धंदाही डळमळला. तिथून निघालेल्यांतले काही याच पॅटर्सनच्या गिरण्यांत लागले. तू इचलकरंजीचा आहेस. ताणा कसा भरतात, तुटलेला धागा चालत्या मागावर कसा जोडतात, हे तू बारक्या वयात बघितलं आहेस. त्या कारागिरीची किंमत तुला कुणी समजावून द्यायला नको. एकच गाव, एकच धंदा, दोन मुलखांतून आलेले विणकर. इथे तुलनेला पाय ठेवायला जमीन मिळते.

१९१० ते १९५० च्या जनगणनांची घरटी पानं आता सर्वांना खुली आहेत. १९१० मध्ये व्यवसाय आणि मातृभाषा सापडेल. १९४० मध्ये पहिल्यांदा उत्पन्न विचारलं गेलं, पण तिथे एक खड्डा आहे. फक्त मजुरी आणि पगार लिहून घेतला, धंद्यातला नफा नाही. त्यामुळे गिरणीत राहिलेल्या इंग्रज विणकराच्या मुलापुढे रक्कम दिसेल, आणि किराणा दुकान काढलेल्या सीरियनापुढे शून्य. तो शून्य बघून त्याला गरीब ठरवू नकोस, आणि त्याला वगळून सरासरीही काढू नकोस. घर मालकीचं की भाड्याचं, घराची किंमत काय, मुलं कितवीपर्यंत शिकली, हे रकाने त्याच पानावर आहेत. त्यांवरून अंदाज बांध.

पहिली पन्नास घरं झाली की पाठव. जन्मस्थान 'तुर्कस्तान' असेल तिथली मातृभाषा मूळ पानाच्या छायाचित्रावरून स्वतः वाचून घे, यंत्राने वाचलेल्या यादीवर विसंबू नकोस. आणि मार्चमध्ये येणार आहेस असं तुझी आई म्हणाली. आलास की दोन दिवस काढून ये. मिरजेच्या पाहणीच्या माझ्या वह्या अजून कपाटात आहेत. त्या दोन जावांचं पान तुला दाखवायचं आहे.

तुझी
मॅडम