वाचकांचे प्रश्न : जुना ड्रमसेट पुन्हा वाजता करताना

प्रश्न : १९६०च्या दशकातला चार ड्रमचा अमेरिकी सेट हाती आला आहे. २२ इंची बेस, १२ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम आणि १४ इंची स्नेअर. आठवड्यातून दोनतीनदा तरी वाजवायचा आहे. सगळा खोलून आधी पॉलिश करून घेऊ का?

उत्तर : पॉलिश सर्वांत शेवटी. ड्रम सुरात लागणार की नाही, हे शेलची (ड्रमच्या नळकांड्याची) गोलाई आणि हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, जिच्यावर टेकतो ती कड ठरवते. तिथे खोट असेल तर चकाकीवर घालवलेले दिवस वाया जातात.

एका वेळी एकच ड्रम खोला. खोलण्याआधी आतूनबाहेरून फोटो काढा. लग म्हणजे हेड ताणणारे लांब स्क्रू (रॉड) ज्यात बसतात ते शेलवरचे धातूचे ठोकळे. प्रत्येक लगच्या जागेला आतून पेन्सिलीने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक त्या लगच्या पिशवीवर लिहा. जुन्या शेलमधल्या भोकांच्या जागांत थोडाथोडा फरक असतो. वर्षानुवर्षं एका जागी बसलेला लग दुसरीकडे नीट टेकत नाही.

मग मोकळ्या शेलचा व्यास सहा ठिकाणी मोजा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापात एकदोन मिलिमीटरचा फरक असेल तर काळजी नको. तीनच्या पुढे गेला तर हेड एका बाजूला शेलला घासेल आणि दुसरीकडे पोकळी सोडेल. मापापेक्षाही खात्रीची कसोटी म्हणजे नवं हेड शेलवर नुसतं ठेवून बोटांनी फिरवून पाहणं. ते कुठेही न अडता फिरलं पाहिजे.

अडत असेल तर कारण शोधा. पूर्वी वासराच्या कातड्याची हेड ओली करून लाकडी कड्यावर गुंडाळत, त्यामुळे ती शेलच्या मापाशी जुळवून घेत. १९५७च्या सुमाराला मायलर, म्हणजे प्लास्टिकचं हेड, आलं आणि त्याबरोबर धातूच्या कड्याचं ठरावीक मापही आलं. त्याआधीच्या धाटणीचे शेल थोडे मोठे असू शकतात. ब्रिटनच्या प्रीमिअर कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या बऱ्याच ड्रमचा व्यास आजच्या मापापेक्षा किंचित जास्त आहे. त्यांच्यासाठी जुन्या मापाची हेड वेगळी मागवावी लागतात. शेल घासून बारीक करायला कुणी सुचवलं तरी करू नका.


प्रश्न : शेलच्या कडा गोलसर आणि बोथट वाटतात. हल्लीच्या ड्रमसारख्या ४५ अंशांच्या धारदार कडा कापून घेतल्या तर आवाज सुधारेल का?

उत्तर : आवाज बदलेल, पण ज्या आवाजासाठी हा सेट जपायचा तोच जाईल. लुडविग, स्लिंगरलँड या अमेरिकी कंपन्यांच्या त्या काळच्या शेलची रचना साधारण अशी होती : लाकडाचे तीन थर, आणि वरखाली आतून चिकटवलेलं मेपलचं कडं. त्यावर गोलसर माथ्याची कड. गोल माथ्यावर हेडचा जास्त भाग टेकतो, वरचे सूर लवकर दबतात आणि मूळ सूर जाड, उबदार येतो. ग्रेच कंपनीचे शेल कड्याविना सहा थरांचे असत आणि कड ३० अंशांची. ही घडण कापली की परत आणता येत नाही, आणि सेटची किंमतही उतरते.

कड सपाट आहे का हे मात्र जरूर तपासा. किमान ८ मिलिमीटर जाडीची काच पक्क्या टेबलावर ठेवा, शेल तिच्यावर उभं करा, आत दिवा ठेवा आणि खोलीत अंधार करा. कडेखालून प्रकाश कुठे झिरपतो ते दिसेल. तिथे फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचं माप) सरकवून पाहा. पाव मिलिमीटरची पट्टी आत जात नसेल तर कडेला हात लावू नका, हेड ताणल्यावर तेवढी उणीव भरून निघते.

फट जास्त असेल तर १५० नंबरचा सँडपेपर काचेवर चिकटवा. कडेच्या माथ्यावर पेन्सिलीने गिरगटा. शेल दोन्ही हातांनी वरच्या बाजूला धरून, दाब न देता गोल फिरवत घासा. दहाबारा फेऱ्यांनंतर शेल एक अष्टमांश वळवून धरा, कारण आपल्या हातांचा भार नेहमी एकाच बाजूला जास्त पडतो. पेन्सिल जिथे उरली आहे तो भाग खोलगट. ती सगळीकडून पुसली गेली की लगेच थांबा. मग २२० नंबर, आणि शेवटी ३२० नंबरचा कागद बोटावर घेऊन माथ्याला पूर्वीची गोलाई द्या. मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात फिरवून कापडाने पुसलं की हेड कडेवर सहज सरकतं. आतून जुना पांढरा रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, आणि कड घासतानाही मास्क लावाच.

एक सूचना ठळकपणे : स्नेअरची खालची कड काचेवर कधीही घासू नये. तिथे समोरासमोर दोन ठिकाणी मुद्दाम उथळ उतार दिलेला असतो. त्यामुळेच स्नेअर वायर, म्हणजे खालच्या हेडला लागून असलेल्या तारांची पट्टी, हेडला पूर्ण लांबीभर टेकते. तो उतार फट समजून सपाट केला तर वायर कायमची करकरत राहते.

आतलं मेपलचं कडं शेलपासून सुटलं आहे का, हे बोटाच्या पेराने ठोकत गेलात की कळतं. सुटल्या जागी आवाज पोकळ येतो. फटीत सिरिंजने लाकडाचा गोंद सोडा, लाकडी तुकड्यांवर शिकंजे लावा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा आणि २४ तास हलवू नका. शिकंजा फार आवळला तर गोंद पिळून निघून जातो आणि सांधा कच्चा राहतो.


प्रश्न : टॉम वाजवला की कुठूनतरी 'झिंग' असा धातूचा आवाज येतो. सगळे स्क्रू आवळले तरी जात नाही.

उत्तर : बहुतेक वेळा दोषी लगमधली स्प्रिंग असते. जुन्या लगच्या पोटात फिरता नट जागेवर धरायला स्प्रिंग बसवलेली असते आणि ड्रमच्या कंपनाबरोबर ती गाते. लग काढून स्प्रिंगच्या आत किंवा सभोवती फेल्टचा पातळ तुकडा घाला. कापूस ठासू नका, तो ओल धरतो आणि स्प्रिंग गंजते. स्प्रिंग काढूनच टाकली तर आवाज जातो, पण हेड बदलताना नट लगमध्ये पडतो आणि रॉड लागत नाही.

त्यानंतरचा संशय आतल्या मफलरवर घ्या, म्हणजे हेडला आतून टेकणाऱ्या फेल्टच्या गादीवर. ती मागे घेतलेली असताना दांडी सैल राहून खडखडते. सांध्यात पातळ फेल्ट घालावं, किंवा पूर्ण मफलर काढून पिशवीत जपून ठेवावा. भोकं तशीच राहू द्या.

लग परत बसवताना स्क्रूखाली वायसर हवाच, आणि आवळणं हाताच्या पान्यानेच, घट्ट झाल्यावर थोडंसंच पुढे. हे लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते वाकत नाहीत, थेट तडकतात. रॉडचे आटेही जुळलेच पाहिजेत. अमेरिकी ड्रमवर १२ नंबर, इंचाला २४ आटे हे माप सर्रास दिसतं. जुने युरोपीय ड्रम वेगळ्या मापाचे असतात. नवा रॉड बोटांनी चारपाच आटे सहज गेला नाही तर तो चुकीचा आहे. पान्याने रेटलात तर नटचे आटे जातील. बसणाऱ्या रॉडला पेट्रोलियम जेलीचा ठिपका पुरे.


प्रश्न : रिमवर (हेड दाबून धरणाऱ्या बाहेरच्या कड्यावर) गंजाचे ठिपके आहेत आणि बेसवरचं मोत्यासारखं रॅप, म्हणजे शेलवर चिकटवलेलं प्लास्टिकचं आवरण, जोडापाशी उचललं गेलं आहे. व्हिनेगरमध्ये सगळं बुडवून ठेवायचा सल्ला मिळाला.

उत्तर : सगळं नको. व्हिनेगर फक्त पोलादी रॉड आणि स्क्रूंसाठी, तेही काही तासच आणि मधूनमधून पाहत. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पूर्ण वाळवा आणि तेलाचा हात द्या. लग व्हिनेगरमध्ये घालू नका, आम्ल जस्ताला खातं.

रिमला आधी चुंबक लावा. चिकटला तर पोलाद, नाही तर बहुधा पितळ. पितळी रिम मौल्यवान, ती बदलू नका. क्रोमवरच्या ठिपक्यांसाठी ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. निकेलची प्लेटिंग असेल, म्हणजे झाक किंचित पिवळट असेल, तर फॉइलही नको, मऊ कापड आणि सौम्य पॉलिश एवढंच. धातूची स्नेअर असेल तर आणखी जपा. लुडविगच्या त्या दशकातल्या अनेक स्नेअरचं शेल ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आणि वर क्रोम आहे. फोड आलेल्या जागी घासलं की क्रोमचे पापुद्रे निघतात. तिथे धूळ पुसून सोडून द्या.

रॅप पुसायला साबणाचं पाणी वापरा. ॲसिटोन किंवा थिनर लागला तर सेल्युलॉइड विरघळतं. जुन्या रॅपपैकी काही सेल्युलोज नायट्रेटचे असतात आणि ते झपाट्याने पेटतात, म्हणून हीट गन दूरच ठेवा. उचललेल्या भागाखालचा वाळलेला गोंद खरवडा, दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हचा पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा झाला की जोडा आणि रोलरने दाबा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, त्यामुळे आधी कोरडं जुळवून खूण करा. रॅप आकसलं असेल तर जोड पूर्वीच्या रेषेपर्यंत पोहोचणार नाही. ओढून पोहोचवाल तर शेजारी फाटेल.


प्रश्न : वाजवताना बेस पुढे सरकतो, आणि त्यावरचा टॉम खाली झुकतो. नवे भक्कम पाय आणि माउंट (टॉम धरणारा आधार) बसवायला भोकं पाडू का?

उत्तर : पाडू नका. जुने बारीक पाय आजच्या जोराच्या पेडलसाठी घडवलेले नव्हते, हे खरं. पण लाकडी रिमला शिकंज्यासारखे धरणारे पाय मिळतात, त्यांना भोक लागत नाही. टोकं पुढच्या दिशेला वळवा आणि पुढची रिम जमिनीपासून बोटभर उचलली जाईल असं लावा. खाली जाडसर गालिचा घाला. पेडलचा जबडा जिथे रिमला धरतो तिथे दोनतीन मिलिमीटरचं रबर ठेवा, नाही तर लाकूड महिन्याभरात चेपतं.

टॉमसाठी स्नेअरचं एक जादा स्टँड घेणं सर्वांत सोपं. जुन्या माउंटच्या दातऱ्या झिजल्या की कितीही आवळलं तरी ते झुकतंच, आणि आवळण्याच्या नादात शेलला चीर जाते. सिंबलही बेसवरच्या दांडीवर न लावता वेगळ्या स्टँडवर लावा. मूळ भाग पिशवीत, नाव घालून ठेवा.


प्रश्न : हेड कोणती लावू आणि ताण किती देऊ?

उत्तर : टॉम आणि स्नेअरच्या वरच्या बाजूला १० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं एकपदरी, खरखरीत लेपाचं हेड लावा. गोल कडेवर याचाच आवाज खुलतो. फार जोरात वाजवत असाल तर ७ मिलचे दोन पदर असलेलं. स्नेअरच्या खाली साधारण ३ मिलचं खास पातळ हेड लागतं, वरच्या बाजूचं हेड तिथे चालणार नाही. वायर वाकडी झाली असेल तर सरळ करत बसू नका, नवी २० तारांची घ्या आणि ती मधोमध, दोन्ही उतारांवर सारखी बसवा.

सगळे रॉड आधी बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मग समोरासमोरच्या जोड्या घेत पावपाव वळसा द्या. सुरकुत्या गेल्या की तळव्याने मध्यभागी दाबून हेड कडेवर बसू द्या आणि पुन्हा अर्ध्या-अर्ध्या पावाने वर या. प्रत्येक लगपासून इंचभर आत काठीने हलकेच टिपून सूर जुळवा. एखाद्या लगचा सूर बाकीच्यांशी जुळतच नसेल तर रॉड आणखी आवळू नका. रिम काचेवर ठेवून ती डुगडुगते का ते पाहा. वाकलेली रिम हे त्याचं नेहमीचं कारण. पातळ शेलला आधुनिक स्नेअरइतका उंच ताण रोज देऊ नका.

पहिल्या आठवड्यात हेड सैल पडतील, प्रत्येक वेळी वाजवण्याआधी सूर तपासा. ड्रम ठेवायच्या खोलीत हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं पाहा. बंद गाडीत उन्हात सेट सोडू नका, रॅप आकसतं आणि गोंद सुटतो.