बेसबॉलमधल्या बोस्टन रेड सॉक्स संघाच्या टेड विल्यम्सने दोनदा ट्रिपल क्राऊन मिळवूनही त्या दोन्ही वर्षी त्याला एमव्हीपी (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) का मिळाला नाही? बोस्टनच्या पत्रकारांचा राग हेच कारण होतं का?

राग होता, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. मी बोस्टनजवळ राहतो. इथले जुने रेड सॉक्सवेडे ही गोष्ट 'पत्रकारांनी सूड उगवला' अशीच सांगतात. विल्यम्स माझाही अत्यंत आवडता फलंदाज आहे आणि 1942चा निकाल मला सरळ अन्याय वाटतो. पण मतं कशी पडायची ते पाहिलं की सुडाची गोष्ट अपुरी पडते.

1931पासून हा पुरस्कार बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना देते, दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये एक आणि नॅशनल लीगमध्ये एक. विल्यम्सच्या काळात अमेरिकन लीगमध्ये आठ संघ होते आणि प्रत्येक शहरातल्या तीन पत्रकारांना मत होतं, म्हणजे एकूण 24. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला 14 गुण, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 8, असं उतरत दहाव्याला 1. म्हणजे बोस्टनचे पत्रकार कितीही चिडलेले असले तरी त्यांच्या हाती 24पैकी तीनच मतं होती. बाकीची 21 मतं न्यूयॉर्क, डेट्रॉइट, क्लीव्हलंड अशा शहरांतली.

आता 1942 पाहा. विल्यम्सची सरासरी .356, होम रन 36, आरबीआय 137. तिन्हींत लीगमध्ये पहिला, यालाच ट्रिपल क्राऊन म्हणतात. (क्रिकेटची सरासरी इथे डोक्यातून काढून टाका. .356 म्हणजे हिशेबात धरलेल्या दर हजार संधींमागे 356 हिट, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं. होम रन म्हणजे एकाच टोल्यावर सगळे बेस फिरून येणं, बहुधा चेंडू कुंपणापार मारून. आरबीआय म्हणजे आपल्या फलंदाजीने संघाला मिळवून दिलेल्या धावा.) पुरस्कार गेला न्यूयॉर्क यांकीजचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) जो गॉर्डन याच्याकडे: .322, 18 होम रन, 103 आरबीआय. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झालेला फलंदाज गॉर्डनच होता, आणि सेकंड बेसवर सर्वाधिक चुकाही त्याच्याच. तो क्षेत्ररक्षक म्हणून उत्तम होता, यात वाद नाही. पण फलंदाजीतली एवढी मोठी दरी क्षेत्ररक्षणाने भरून निघाली असेल, हे मला पटत नाही. गुण 270 विरुद्ध 249.

त्या वर्षी युद्धही आडवं आलं. आई आपल्यावर अवलंबून आहे या कारणाने विल्यम्सला सैन्यभरतीतून सूट मिळाली होती आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. मे महिन्यात त्याने नौदलात नाव नोंदवलं, तरी ती कटुता लगेच निवळली असेल असं वाटत नाही.

1947ची कथा जास्त प्रसिद्ध आहे, कारण तिथे फरक एका गुणाचा होता: यांकीजचा जो डिमॅजिओ 202, विल्यम्स 201. डिमॅजिओचे आकडे .315, 20, 97. विल्यम्सचे .343, 32, 114. एका पत्रकाराने विल्यम्सला दहा जणांतही घेतलं नाही. ही करामत बोस्टनच्याच एका पत्रकाराची, असं विल्यम्सने स्वतः नंतर सांगितलं आणि तेच सगळीकडे पसरलं. पण ज्याच्यावर त्याने बोट ठेवलं त्याला त्या वर्षी मतच नव्हतं. माझ्या मते तो वगळणारा एक मतदार शोधण्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. 24पैकी फक्त तिघांनी विल्यम्सला पहिला क्रमांक दिला होता. उरलेल्या 21 जणांना त्याच्यावर सूड उगवायचा होता, असं कुणी म्हणू शकेल का?

त्यांच्या डोक्यात काय होतं ते 1934कडे पाहिल्यावर कळतं. त्या वर्षी यांकीजच्या लू गेरिगने ट्रिपल क्राऊन मिळवला, .363 आणि 49 होम रनसह. एमव्हीपी मिळाला डेट्रॉइटचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) मिकी कॉक्रेनला, ज्याचे होम रन होते अवघे दोन! कॉक्रेन संघाचा मॅनेजरही होता आणि डेट्रॉइटने लीग जिंकली होती. गेरिगवर तर पत्रकारांचा राग असल्याचं कुणीच म्हणत नाही. लीग जिंकणाऱ्या संघाचा आधारस्तंभ शोधायचा, हीच त्या पिढीची रीत होती. 1941, 1942, 1947, तिन्ही वर्षी लीग यांकीजने जिंकली आणि तिन्ही वर्षी पुरस्कारही यांकीजच्याच खेळाडूला गेला. 1946मध्ये रेड सॉक्स जिंकले, तेव्हा याच पत्रकारांनी विल्यम्सला एमव्हीपी दिला.

1941चा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मला सोडवत नाही. विल्यम्स .406, डिमॅजिओ सलग 56 सामन्यांत हिट, पुरस्कार डिमॅजिओला. आज .406 हा आकडा अद्भुत वाटतो कारण त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणीच .400 गाठलेलं नाही. त्या वर्षीच्या मतदाराला हे कसं कळणार? बिल टेरीने 1930मध्येच .401 केलं होतं. उलट डिमॅजिओची मालिका मे ते जुलै रोजच्या रोज देशभर वाचली जात होती, आणि सलग सामन्यांचा जुना विक्रम 44चा होता. तो निकाल मी मनापासून मान्य करतो.

1949मध्ये गंमत उलटी झाली. डेट्रॉइटच्या जॉर्ज केलने .3429 विरुद्ध .3427 अशा केसाएवढ्या फरकाने सरासरीत मात केली नसती, तर विल्यम्सचा तिसरा ट्रिपल क्राऊन झाला असता. यांकीजने लीगही एका सामन्याच्या फरकाने हिसकावली. तरी एमव्हीपी विल्यम्सलाच मिळाला, म्हणजे ती रीतही दगडावरची रेघ नव्हती.

आता प्रत्येक लीगमध्ये 30 मतदार असतात आणि संघाच्या स्थानाला पूर्वीइतकं वजन राहिलेलं नाही. 2021मध्ये लॉस एंजेलिस एंजल्स हा संघ 77 सामने जिंकला आणि 85 हरला, तरी त्यांच्या शोहेई ओहतानीला पहिल्या क्रमांकाची 30च्या 30 मतं पडली. अशा मतदारांपुढे 1942चा विल्यम्स आला असता तर गॉर्डन त्याच्या जवळपासही पोचला नसता, असं मला ठामपणे वाटतं.