18 पूर्ण व्हायच्या आत अर्जावर आवक क्रमांक घे

तुझी पोस्ट वाचली आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसलो. दोन महिन्यांनी 18 पूर्ण होतायत, बालगृहाचे अधीक्षक "बघू नंतर" म्हणतात, आणि तू विचारतोयस की सरळ एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागू की कोर्स करू. अरे, 2018 साली मी नेमका इथेच उभा होतो. आता चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी वकील नाही, संस्थावालाही नाही. शासन निर्णय बदलत असतात, त्यामुळे मी सांगतोय ते एकदा ताडून बघ. बँक खातं, आधारला मोबाईल जोडणं वगैरे तुला कोणीही सांगेल, त्यात मी शिरत नाही.

माझी चूक एकच. मी सगळीकडे जाऊन बोललो, पण लिहून काहीच दिलं नाही.

18 पूर्ण व्हायला तीन महिने असताना एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते विचारू नकोस, आजही तिथे कामं पडतात. टेबलावरचे साहेब बोलायला फार गोड. म्हणाले, "अजून तू लहान आहेस, 18 झाले की ये." मी खूश. 18 झाल्यावर गेलो तर तेच साहेब, तोच चहाचा कप, म्हणतात, "आता तू आमच्याकडे मोडत नाहीस, फाइल बंद झाली." मी म्हटलं, मी आधी येऊन गेलो होतो की. त्यांनी आवक नोंदवही, म्हणजे आलेला प्रत्येक अर्ज क्रमांक देऊन नोंदवायची वही, माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, "दाखव तुझा अर्ज कुठे आहे." अर्ज असता तर दाखवला असता ना! त्या पानावरच्या ओळी अजून आठवतात. एक नोंद झेरॉक्सच्या बिलाची होती, माझी नव्हती.

बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये संस्थेतून 18 नंतर बाहेर पडणाऱ्यांना मदतीची तरतूद आहे. ही मदत म्हणजेच अनुरक्षण, त्याची सोय 21 वर्षांपर्यंत आहे, आणि केंद्राच्या 2016 च्या नमुना नियमांत अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी महिन्याला 4000 रुपये धरलेत. कायदा आणि नियम 2018 लाही होतेच, म्हणजे "फाइल बंद" हे खोटं होतं. पण मला कलम माहीत नव्हतं आणि हातात कागद नव्हता. आठ महिने हायवेवरच्या एका हॉटेलात प्लेटा धुतल्या आणि रात्री तिथल्याच बाकांवर झोपलो. त्यात आयटीआयची एक प्रवेशफेरी गेली. अनाथ प्रमाणपत्राला पुढे चौदा महिने लागले, तोवर पोलीस भरतीचा फॉर्म भरायची मुदत संपली होती. त्या भरतीचा विषय निघाला की अजून डोकं फिरतं.

म्हणून तू काय कर, अधीक्षकांना, बाल कल्याण समितीला (तुला बालगृहात ठेवायचा आदेश देणारी जिल्ह्याची समिती) आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना वेगवेगळे अर्ज दे. एक पान पुरे. मला 18 पूर्ण झाल्यावर अनुरक्षण हवं, अमुक प्रशिक्षण हवं, राहायला जागा नाही, एवढंच लिही. प्रत्येकाच्या दोन प्रती काढ आणि तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. समितीचे तुझ्याबद्दलचे सगळे आदेश आणि वैयक्तिक काळजी आराखडा, यांच्या प्रतीही आत असतानाच माग. बाहेर पडल्यावर हे कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात महिने जातात. माझं काम शेवटी हललं ते माहिती अधिकाराच्या अर्जाने. दहा रुपये लागले.

अनाथ प्रमाणपत्राबद्दल गैरसमज नको. आई किंवा वडील हयात असतील तर ते मिळत नाही, आणि बालगृहात अशी मुलं भरपूर असतात. मिळत असेल तर मात्र सोडू नकोस, 2018 पासून राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे. त्याच्या भरवशावर बसून राहू नकोस, एवढंच.

आता तुझा प्रश्न. माझं मत विचारशील तर आयटीआय. हेल्परला आज पगार मिळतो, पण पाच वर्षांनीही तू हेल्परच राहतोस. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड म्हणजे कोर्स दोन वर्षांचे आहेत, पुढे अप्रेंटिसशिप, तिथे विद्यावेतन मिळतं. दोन वर्षं तग धरता येणारच नाही अशी स्थिती असेल तर एक वर्षाचा वेल्डर घे. कोणी म्हणेल ट्रेडपेक्षा आवड महत्त्वाची. असेल बुवा. मला आवड वगैरे ठरवायला जागाच नव्हती. "शंभर टक्के प्लेसमेंट" वाल्या खाजगी क्लासपासून लांब राहा, आणि दहावीची मूळ गुणपत्रिका कोणाकडेही अनामत म्हणून ठेवू नकोस. आमच्यातल्या एकाने ठेवली होती, डुप्लिकेट काढायला बोर्डात फेऱ्या मारल्या त्याने.

नावाचं स्पेलिंग आजच तपास. शाळेचा दाखला, आधार, बालगृहाचं रजिस्टर. माझ्या मधल्या नावाचे तीन प्रकार होते, अप्रेंटिसशिपच्या नोंदणीत तिथेच अडकलो. आणि फॉर्मवर "कायमचा पत्ता" आला की पेन थांबतं, ते माझंही थांबायचं. बालगृहाचा पत्ता चालेल का हे अधीक्षकांकडून लेखी घे. खोली बघायला जाताना घरमालकाला "गाव कुठलं?" याचं उत्तर आधीच ठरवून जा. मी खरं सांगितलं तेव्हा दोन खोल्या गेल्या, तिसरी एका मावशींनी दिली आणि डिपॉझिटही हप्त्याने घेतलं.

जिल्हा कोणता ते कळव, त्या बाजूला आमच्यातलं कोणी असेल तर जोडून देतो. आणि पोस्टसोबत आधारचा फोटो टाकला आहेस तो आधी काढ.