चार फुटी टँक, ओरांडा आणि कॅनिस्टर: बॉक्सवरचा लिटरचा आकडा बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. चार बाय दीड बाय दीड फुटांचा टँक, पाच ओरांडा (गोल अंगाचे गोल्डफिश), वर टॉप फिल्टर (टँकच्या वर बसणारा उघड्या ट्रेचा) चालू आहे, तरी तळाला घाण साचतीय आणि पाणी धुरकट दिसतंय म्हणून कॅनिस्टर (टँकच्या खाली ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) घ्यायचाय, बजेट दहा हजार, आणि दुकानदार म्हणतोय तासाला दोन हजार लिटर पाणी फिरवणारा, यूव्हीवाला (आत अतिनील किरणांची ट्यूब असलेला) घेऊन जा, एकदा बसवला की बघायला नको. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन हजारवाला नको, हजार ते चौदाशे लिटरच्या दरम्यानचा बिनयूव्हीचा घ्या, आणि तो टॉप फिल्टर काढू नका, दोन्ही एकत्र चालू द्या. आता का ते सांगतो, जरा लांबेल पण वाचा, कारण कॅनिस्टर घेऊन सहा महिन्यांत विकायला काढणारी माणसं मी बरीच बघितलीत आणि बहुतेकांचं घोडं त्या आकड्यापाशीच अडलेलं असतंय.

आधी पाण्याचा हिशोब. तुमचा टँक नऊ घनफुटाचा, एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ भरला तर २५५ लिटर. खडी, दगड, वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी २२० च्या आसपास. फिल्टरनं तासाला टँकचं पाणी चार-पाच वेळा फिरवावं असा ढोबळ नियम आहे, गोल्डफिश लय घाण करतात म्हणून थोडं जास्त धरा. दुकानदार म्हणतोय त्यात चूक काही नाही, दोन हजार म्हणजे नऊ पट, भरपूर. पण तो आकडा मोकळ्या पंपाचा असतोय, डब्यात मीडिया, म्हणजे पाणी गाळणारे स्पंज, सिरॅमिक रिंग, वूल, काही नसताना, पाणी उंच चढवायचं नसताना मोजलेला. फ्लुवल कंपनी दोन्ही आकडे देते म्हणून त्यांचंच उदाहरण घ्या, ३०७ मॉडेलला पंपाचा फ्लो ११५० लिटर आणि मीडिया भरल्यावर फिल्टरमधून फिरणारं पाणी ७०० लिटर. म्हणजे नवा कोरा असतानाच चाळीस टक्के गेले, आणि स्पंज तुंबत गेला की अजून कमी. बऱ्याच कंपन्या हा दुसरा आकडा छापत नाहीत, पण नियम सगळ्यांना सारखाच.

मग म्हणाल, असं असेल तर दोन हजारवालाच बरा की. नाही. ओरांडाचं अंग गोल, शेपटी लांब, डोक्यावर टोपी, तो पोहायला मुळातच मंद. जोराच्या प्रवाहात दिवसभर झगडत बसतो, दमतो, कोपऱ्यात जाऊन थांबतो. त्यांना पाणी स्वच्छ पाहिजे पण संथ पाहिजे. आणि पाणी स्वच्छ ठेवायचं काम पंपाच्या जोरावर होत नाही, ते मीडियावर बसलेल्या बॅक्टेरियावर होतंय. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन माशाला विष, नायट्रेट त्या मानानं सौम्य, तेही मुख्यतः पाणी बदलूनच बाहेर जातंय, असा साधा फिल्टर ते काढून देत नाही. त्यामुळं दुकानात गेलं की किती लिटरचा असं विचारू नका, झाकण उघडून दाखवा म्हणा. ट्रे किती आहेत, केवढे आहेत, आत किती रिंग मावतील हे बघा. दोन फिल्टरचा आकडा सारखा असून एकाचं पोट दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतंय.

लाईटबिलाचंही बघा, फिल्टर चोवीस तास चालतो. सनसन या चिनी कंपनीचं ३०२ मॉडेल तासाला हजार लिटरचं, १८ वॅट, महिन्याला १३ युनिट. त्यांचंच ३०४ मॉडेल दोन हजार लिटरचं, ५५ वॅट, महिन्याला जवळपास ४० युनिट, यूव्हीची ट्यूब वेगळी. हे दर महिन्याला, वर्षानुवर्षं.

यूव्हीबद्दल थोडक्यात. पाणी आपल्या रंकाळा तलावासारखं हिरवं होत असेल तर यूव्ही कामाचा आहे, पाण्यात तरंगणारं शेवाळ मारतो. तुमचं पाणी धुरकट आहे, हिरवं नाही, तिथं त्याचा फारसा उपयोग नाही, आणि अमोनियावर तर शून्य. ट्यूबचा जोर वर्षभरात उतरतो, दिसायला निळी पेटलेली असती पण काम करत नसती. बिनयूव्हीचं मॉडेल घ्या आणि उरलेल्या पैशात अमोनिया-नायट्राइटचं लिक्विड टेस्ट किट घ्या, ते जास्त गरजेचं आहे. दोन्ही शून्य यायला पाहिजेत.

आता आपल्या कोल्हापूरचा मुद्दा, तो म्हणजे लाईट. कॅनिस्टर हा बंद डबा आहे. पाणी फिरत असलं की आतल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळतो, पंप थांबला की आत आहे तेवढाच, तो संपला की ते मरायला लागतात आणि साचलेली घाण आत कुजायला लागती. तासा-दोन तासाला काही होत नाही. पण चार-पाच तासांच्या वर लाईट गेली तर आल्या आल्या फिल्टर आपोआप चालू होऊन ते सगळं कुजकं पाणी टँकमध्ये ओततो, आणि सकाळी मासे वर तोंड काढून बसलेले दिसतात. म्हणून जास्त वेळ लाईट गेली की फिल्टरची पिन काढून ठेवायची, लाईट आल्यावर डबा उघडायचा, आतलं पाणी फेकायचं, मीडिया टँकच्याच पाण्यात खळबळून घ्यायचा, मग चालू करायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुरात काय झालं ते तुम्हालाही आठवत असेल, कित्येक भागात दिवसेंदिवस लाईट नाही, आणि पंपिंग स्टेशनं पाण्यात गेल्यामुळं नळालाही पाणी नाही, म्हणजे टँकचं पाणी बदलायचीही सोय नाही. अशा वेळी खाद्य पूर्ण बंद करायचं, मोठे गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिले तरी काही होत नाही, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवायचा. तो आत्ताच घेऊन ठेवा, पुराच्या वेळी दुकानात मिळत नाही.

आणि टॉप फिल्टर काढू नका म्हणतो ते याच्यासाठीच. टॉप फिल्टरचा ट्रे उघडा असतो, लाईट गेली की त्यातलं पाणी खाली उतरतं आणि मीडिया नुसता ओलसर राहतो, त्याला हवा लागत राहती, त्यामुळं बंद डब्यापेक्षा त्यातले बॅक्टेरिया कितीतरी जास्त वेळ तग धरतात. दुसरं, कॅनिस्टर नवा बसवला की त्यात बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुना फिल्टर त्याच दिवशी काढला तर टँक पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि पाच ओरांडांचा अमोनिया झेलायला कोण नाही. तिसरं, कुठलाही पंप कधीतरी बंद पडतोच, तेव्हा दुसरा चालू पाहिजे. टॉप फिल्टरमधला अर्धा जुना स्पंज कापून कॅनिस्टरच्या एका ट्रेमध्ये टाका, नवा लवकर सुरू होईल.

घरी इन्व्हर्टर असेल तर कॅनिस्टर त्याच्यावर घेता येतो, १८-२० वॅट म्हणजे काहीच नाही. फक्त इन्व्हर्टर साईन वेव्हचा पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर हे पंप घूं घूं आवाज करतात आणि तापतात.

कंपनी कुठली, हे तुम्ही विचारलंय. एहाईम आणि फ्लुवल आवाज करत नाहीत, वीज कमी खातात, वर्षानुवर्षं चालतात, पण किंमत चिनी फिल्टरच्या कितीतरी पट. एहाईम क्लासिकमध्ये ट्रे नसतात, सगळा मीडिया डब्यातच भरायचा, धुताना पसारा होतो, पण बिघडण्यासारखे पार्टही कमी. सनसन, अ‍ॅटमन, डॉल्फिन हे तुमच्या बजेटचे, आणि माझ्या मते तुमच्या कामाला पुरेसे आहेत. पण घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, याचा इम्पेलर (पंपातला फिरणारा पंखा) आणि झाकणाची ओ रिंग (गळती थांबवणारं गोल रबर) सुटी मिळती का. मिळत असेल तर दोन्ही त्याच दिवशी जास्तीच्या घेऊन ठेवा. नाहीतर दहा रुपयाच्या रबरासाठी पुणे-मुंबईहून कुरिअरची वाट बघत बसायचं आणि तोवर फिल्टर बंद. झाकणाच्या क्लिपा दोन-चार वेळा लावून-काढून बघा, स्वस्तातल्या फिल्टरला त्याच आधी तुटतात. नळ्यांचा कॉक एका खटक्यात सुटणारा पाहिजे, म्हणजे पाणी न सांडता डबा उचलून मोरीत नेता येतो. हे मी सगळ्यात वर ठेवीन, कारण जो फिल्टर उघडायला त्रास होतो तो माणूस उघडतच नाही, आणि न धुतलेला कॅनिस्टर म्हणजे घाण टँकमधून काढून त्याच पाण्याच्या वाटेवर साठवून ठेवणं.

बसवायला डबा टँकच्या खालीच पाहिजे, शेजारी टेबलावर ठेवून चालत नाही, कारण पाणी सायफननं खाली येतं आणि पंप फक्त वर चढवतो. अँगलचा स्टँड असेल तर डबा प्लॅस्टिकच्या टबात ठेवा, गळती झाली तर लगेच कळतं. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे पाण्याचा थेंब वायरवरून बोर्डात जाणार नाही. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी आधी तळाला जातं आणि तिथून वर येतं, म्हणून सगळ्यात खालच्या ट्रेत जाड स्पंज, मग सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉक, वरच्या ट्रेत पांढरी वूल. उलटं भरलं तर रिंगा गाळानं बुजतात. कंपनीनं दिलेली कार्बनची पिशवी काढून ठेवली तरी चालती, तिथं अजून रिंगा भरा. ट्रे भरायला पैसे कमी पडले तर भांड्याच्या दुकानातली प्लॅस्टिकची जाळीदार घासणी चालती, फक्त साबण लावलेली नको, तारेची तर नकोच.

आउटलेटला स्प्रे बार (भोकं पाडलेली नळी) लावा आणि त्याची भोकं मागच्या काचेकडं वळवा, प्रवाहाचा जोर मोडतो आणि पाण्याचा वरचा थर हलत राहतो. इनलेटच्या जाळीवर एक स्पंज चढवा. गोल्डफिशच्या टँकला हा स्पंज म्हणजे निम्मं काम, मोठी घाण बाहेरच अडती, तो आठवड्याला पिळायचा आणि डबा मग महिना-दीड महिन्यानं उघडला तरी चालतो. वूल खराब झाली की टाकून द्यायची, पण रिंगा आणि स्पंज कधीही नळाखाली धरायचे नाहीत, क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत खळबळायचं, आणि कॅनिस्टर अन् टॉप फिल्टर एकाच दिवशी धुवायचे नाहीत. पावसाळ्यात नळाला पाणी गढूळ आलं की वूल लवकर तुंबती आणि क्लोरीनचा वासही जास्त येतो, तेव्हा पाणी बादलीत निवळू द्या, अँटीक्लोरीन घाला, मग टँकमध्ये.

तळाची घाण मात्र कॅनिस्टर एकटा उचलणार नाही, हे आत्ताच सांगतो म्हणजे नंतर निराशा नको. पाच ओरांडांना आठवड्याला तीस-चाळीस टक्के पाणी सायफननं तळ ओढत बदलावंच लागतंय, फिल्टर कितीही भारी असला तरी. खडी जाड थरात असेल तर ती कमी करा, घाण तिच्यातच अडकून बसती. आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. स्टँडच्या आतली उंची मोजून सांगा, डब्याच्या वर झाकण उघडायला हात जाईल एवढी जागा पाहिजे, त्यावरून कुठलं मॉडेल बसेल ते ठरेल. आणि टेस्ट किट आणल्यावर अमोनियाचा आकडा टाका, तो शून्याच्या वर असेल तर फिल्टर येईपर्यंत रोज पंचवीस टक्के पाणी बदला आणि खाद्य निम्मं करा.