बंदरं गाळली, विमान चुकलं आणि क्लेमही नाकारला

प्रश्न : सात रात्रींच्या क्रूझवर आम्ही दोघं आणि सासूबाई गेलो होतो. तिसऱ्या रात्री कप्तानाने स्पीकरवरून जाहीर केलं की, वादळामुळे पुढची दोन बंदरं घेता येणार नाहीत. त्यांपैकी एका ठिकाणची सहल आम्ही बाहेरच्या एजन्सीकडून बुक केली होती, ते पैसे बुडाले. शेवटच्या दिवशी जहाज सात तास उशिरा लागलं. परतीचं विमान चुकलं आणि नवी तिकिटं काढावी लागली. क्रूझ कंपनीने बंदर-कर परत केला आणि जहाजावर खर्चायला थोडं क्रेडिट दिलं. तिच्या पत्रात बदलाचं कारण मात्र ‘ऑपरेशनल’ एवढंच आहे. विमा कंपनीने ‘प्रवास पूर्ण झाला आहे, रद्द किंवा खंडित झालेला नाही’ या एका ओळीत सगळा क्लेम फेटाळला. काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण सगळ्याच पैशांसाठी नाही. तुम्ही सगळं नुकसान एका गाठोड्यात बांधून पाठवलंत आणि ते न सोडताच परत आलं. आधी ते सोडवू. तुमच्या मागण्या तीन आहेत : हुकलेली बंदरं, बुडालेली सहल आणि चुकलेलं विमान. पॉलिसीत तिन्हींची कलमं वेगळी असतात.

बंदरांची मागणी सर्वांत कमजोर आहे, हे आधीच सांगतो. प्रवास विमा खिशातून गेलेला पैसा भरून देतो, झालेला विरस नाही. प्रवास खंडित होण्याचं कलम सहसा प्रवास अर्धवट सोडून परतावं लागलं तर लागू होतं. जहाज चाललं, तुम्ही त्यावर राहिलात, जेवलात. तेवढ्यापुरतं विमा कंपनीचं म्हणणं चुकीचं नाही. पण काही पॉलिसींमध्ये, बहुधा जादा हप्ता भरून घेतलेल्या क्रूझ कव्हरमध्ये, मार्गबदलाचा किंवा हुकलेल्या बंदराचा वेगळा लाभ असतो. त्यात दर बंदरामागे ठरावीक रक्कम मिळते. अटीही असतात : कारण हवामानासारखं, पॉलिसीत नमूद केलेलं हवं; बदल जहाज सुटल्यानंतर जाहीर झालेला हवा; आणि क्रूझ कंपनीने त्याच बंदरापोटी रोख किंवा क्रेडिट दिलेलं असेल, तर लाभ कापला किंवा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे लाभांच्या यादीच्या पानावर, हा लाभ नसेल, तर बंदरांचा नाद सोडा.

सहलीचं तसं नाही. जहाजाकडून घेतलेली सहल बंदर गाळलं की बहुतेक वेळा जहाजच परत करतं. बाहेरून घेतलेल्या सहलीचा धोका तुमचा. आगाऊ भरलेल्या आणि परत न मिळणाऱ्या खर्चाचं कव्हर पॉलिसीत आहे का, ते बघा. असेल तर एजन्सीची पावती, तिच्या रद्द करण्याच्या अटी आणि ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं सांगणारा तिचा मेल, हे तिन्ही कागद जोडा. फक्त पावती पुरत नाही, कारण पैसे परत मागितले का, हे विमा कंपनी विचारणारच.

तुमचा खरा दावा विमानाचा आहे. ‘प्रवास पूर्ण झाला’ हे उत्तर त्याला लागूच पडत नाही. तुम्हाला उशीर आणि चुकलेला जोडप्रवास ही कलमं वाचायची आहेत. तिथे किमान किती तास उशीर हवा ते लिहिलेलं असतं. शिवाय व्याख्यांच्या पानावर ‘कॉमन कॅरियर’, म्हणजे भाडं घेऊन प्रवासी नेणारी सार्वजनिक वाहतूक सेवा, हा शब्द शोधा. काही पॉलिसींमध्ये त्यात क्रूझ जहाज धरलेलं असतं, काहींत स्पष्टपणे वगळलेलं असतं, आणि काहींत मोघम लिहिलेलं असतं. मोघम असेल तर तुमचं फावलं, कारण अनेक देशांतली न्यायालयं विमा करारातल्या संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावतात. नव्या तिकिटांची पूर्ण रक्कम मागू नका. जुन्या तिकिटांवर जे परत मिळालं ते वजा करून उरलेलीच मागा. जहाज लागण्याची मूळ वेळ आणि विमानाची वेळ यांत अंतर किती ठेवलं होतं, हा प्रश्न येईल. उत्तर तयार ठेवा.

आता त्या ‘ऑपरेशनल’ शब्दाकडे वळू. माझ्या मते तुमच्या फाइलमधला सर्वांत महागडा शब्द तोच. त्यात वादळही बसतं, इंजिनातला बिघाडही आणि कंपनीची सोयही. पॉलिसीत मात्र कारणांची यादी असते, आणि आपलं नुकसान त्या यादीत बसतं हे सुरुवातीला दाखवायची जबाबदारी तुमची. अपवाद लागू होतो हे सिद्ध करणं विमा कंपनीचं काम. म्हणून क्रूझ कंपनीकडे लेखी दाखला मागा : कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या कारणाने मार्ग बदलला आणि जहाज प्रत्यक्ष किती वाजता लागलं. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दाराखालून सरकवलेला सूचनेचा कागद सापडतो का बघा. जहाजाच्या ॲपवरची सूचनाही चालेल. त्यावर ‘हवामान’ असा शब्द असेल तर कंपनीचं नंतरचं पत्र फिकं पडतं. प्रवासी जहाजांवर स्वतःची जागा प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा बंधनकारक आहे. त्यामुळे जहाज कुठून कसं गेलं आणि तिथे तेव्हा हवा कशी होती, याच्या नोंदी बाहेरूनही मिळू शकतात.

क्रूझ कंपनीवरच दावा का लावू नये, हे तुमच्या मनात असेलच. वादळात मार्ग बदलल्याबद्दल कप्तानाला दोष देता येणार नाही. समुद्री सुरक्षेच्या सोलास करारानुसार सुरक्षेसाठी त्याने घेतलेल्या निर्णयाच्या आड जहाजाचा मालकही येऊ शकत नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या सागरी प्रवासी नियमांत उशिराची भरपाई आहे, पण क्रूझ प्रवाशांना ते कलमच लागू नाही. संघाच्या पॅकेज सहलींविषयीच्या २०१५ च्या निर्देशात मात्र क्रूझ हे पॅकेज धरलं जातं. तुमचं बुकिंग त्याखाली येत असेल तर टाळता न येणाऱ्या कारणासाठी भरपाई मिळाली नाही तरी किमतीत प्रमाणशीर कपात मागता येते. दावा कोणत्या न्यायालयात लावायचा हे ठरवणारं तिकिटावरचं कलमही वाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कार्निव्हल विरुद्ध श्यूट खटल्यात असं छापील कलम ग्राह्य धरलं आणि प्रवासी दांपत्याला फ्लोरिडातच दावा लावणं भाग पडलं. लांबच्या न्यायालयात जाण्यापेक्षा आधी विम्याचा मार्ग संपवा.

क्रेडिट घेताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा कागदावर सही केली आहे का? ॲपमधलं ‘मान्य’ बटणही त्यात आलं. भरपाई दिल्यावर क्रूझ कंपनीकडून ती वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तो तुम्ही आधीच सोडून दिला असेल तर ती त्याच मुद्द्यावर पैसे अडवू शकते. सही केली असेल तर लपवू नका, कागद जोडा.

वादळाची बातमी आल्यानंतर पॉलिसी काढली असेल, तर ‘आधीच माहीत असलेली घटना’ म्हणून क्लेम अडतो. लाल समुद्रात २०२३ अखेरपासून जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यानंतर पॉलिसी काढणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे, शिवाय युद्धाचा अपवाद वेगळाच. तुमची पॉलिसी बुकिंगच्या वेळची असेल तर ही अडचण येऊ नये.

या आठवड्यात विमा कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहा. तिन्ही मागण्या वेगळ्या रकमांनिशी मांडा आणि प्रत्येक नकारामागचं कलम क्रमांकासह लेखी मागा. मिळालेलं क्रेडिट स्वतःहून वजा करून दाखवा. उत्तर समाधानकारक नसेल तर विमा लोकपाल किंवा तुमच्याकडची तशी तक्रार-यंत्रणा आहे. तिची मुदत बहुधा अंतिम नकाराच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे नकाराचा तो एका ओळीचा मेल तारखेसह छापून फाइलला लावा.